एका निवेदनाचे सात धनी

वृत्तपत्रात अठ्ठावीस वर्षे उपसंपादकाच्या खुर्चीत काढलेल्या माणसाला महाविद्यालये बोलावतात ती बहुधा ‘बातमीची भाषा’ या विषयावर तासभर बोलायला. यंदा गड्ड्याची यात्रा उठून होम मैदान पुन्हा मोकळे दिसू लागले होते, तेव्हा सोलापुरातल्या एका महाविद्यालयाच्या पत्रकारिता विभागाने मलाही तसेच बोलावले. मी त्यांना विचारले की, भाषणाऐवजी मुलांचा एक पूर्ण दिवस मला द्याल का? सरकार एखाद्या नव्या, तोवर गुप्त राखलेल्या शस्त्राबद्दल पहिल्यांदा बोलते, तेव्हा ते निवेदन कसे तयार होत असेल, हे मुलांनी स्वतःच्या हाताने करून पाहावे, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. विभागप्रमुख बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “करू या सर, पण मुलांना दुपारचं जेवण द्यावं लागेल.” भाकरी, दही आणि शेंगाचटणीचा खर्च विभागाने उचलला आणि शनिवार ठरला.

या इच्छेचे मूळ ११ मे १९९८ च्या संध्याकाळी आहे. त्या दिवशी सोमवार होता आणि बुद्धपौर्णिमा. सोलापूरचा मे म्हणजे पंख्याखाली बसूनही मनगटाचा घाम कागदावर उतरतो आणि शाई पसरते, असा. सहाच्या सुमाराला टेलिप्रिंटरची घंटा वाजतच राहिली आणि काचेच्या खोलीतला मुलगा कागदाची पट्टी फाडून धावत आला. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी दिल्लीत आपल्या निवासस्थानी वाचून दाखवलेले निवेदन मोजक्या वाक्यांचे होते. दुपारी ३ वाजून ४५ मिनिटांनी पोखरण येथे तीन भूमिगत अणुचाचण्या झाल्या; त्यांत एक विखंडनाचे (अणुकेंद्र फोडून ऊर्जा मिळवणारे), एक कमी शक्तीचे आणि एक औष्णिक-अण्विक (अणुकेंद्रे जोडून ऊर्जा मिळवणारे) साधन होते; मोजलेली शक्ती अपेक्षेप्रमाणे आहे; वातावरणात किरणोत्सर्ग झालेला नाही; १९७४ च्या मे महिन्यातल्या प्रयोगासारखेच हे स्फोट जमिनीच्या पोटात बंदिस्त राहिले; शास्त्रज्ञांचे आणि अभियंत्यांचे अभिनंदन. एवढेच. त्यात ‘बॉम्ब’ हा शब्द नव्हता आणि ‘शस्त्र’ही नव्हता. होता तो ‘डिव्हाइस’.

पंढरपूर, बार्शी, अक्कलकोटकडे जाणाऱ्या डाक आवृत्तीची पाने आमच्याकडे लवकर सुटत. घाईत मी ‘लो यील्ड डिव्हाइस’चे मराठी केले ‘कमी उताऱ्याचे उपकरण’. ज्या जिल्ह्यात ज्वारीचा उतारा आणि कारखान्याचा साखर उतारा यांवर रोज एक तरी बातमी लिहावी लागते, तिथे ‘यील्ड’ म्हटले की हाताला दुसरा शब्द सापडत नाही. वृत्तसंपादकांनी शहर आवृत्तीच्या वेळी त्या शब्दाभोवती लाल वर्तुळ काढले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हटले, “पोखरणला काय मालदांडी पेरली होती का हो?” शहर आवृत्तीत ‘कमी शक्तीचे’ असे छापून आले. डाक आवृत्ती तोवर एस.टी.त चढली होती. एकाही वाचकाचे पत्र आले नाही, आणि याचेच मला अधिक वाईट वाटले.

पण त्या रात्री खरे अडखळलो ते ‘डिव्हाइस’पाशी. निवेदन लिहिणाऱ्याने तो शब्द सहज वापरलेला नाही, हे उघड दिसत होते. त्यामागे कोणीतरी बसून, कोणाला तरी विचारून, दुसरे दोन-तीन शब्द खोडून तो ठेवला होता. १९७४ च्या निवेदनात अणुऊर्जा आयोगाने ‘शांततापूर्ण अणुस्फोट प्रयोग’ असे शब्द वापरले होते. चोवीस वर्षांनी ‘शांततापूर्ण’ गेले, ‘चाचणी’ आली, तरीही ‘शस्त्र’ आले नाही. शब्द घासूनपुसून घेणारी ती अदृश्य माणसे कोण असतात, त्यांच्यात वाद काय होतात, हे मला जवळून पाहायचे होते. दिल्लीच्या त्या खोल्यांत मला कोण नेणार? म्हणून ती खोली मी सोलापुरात मांडली.

खेळाचे कागद तयार करायला मला तीन आठवडे लागले. शस्त्र काल्पनिक होते; त्याला मुद्दाम नाव दिले नाही, नुसते ‘क्षेपणास्त्र क’ म्हटले. सहा टेबले मांडली: ते बनवणारी प्रयोगशाळा, उद्या ते वापरणारे सैन्यदल, संरक्षण मंत्रालय, परराष्ट्र मंत्रालय, पंतप्रधान कार्यालय आणि निवेदन प्रसिद्ध करणारे माहिती कार्यालय. सातवे टेबल मराठी अनुवादाचे. खोलीबाहेर व्हरांड्यात पाच मुलांचा बातमीदारांचा गट बसवला. प्रत्येक टेबलाला पाकीटबंद कागद दिला आणि त्यात त्या टेबलाला काय ठाऊक आहे, काय बोललेच पाहिजे आणि काय मुळीच बोलायचे नाही, हे लिहिले. कोणत्याही दोन टेबलांकडे सारखी माहिती नव्हती. चाचणी सकाळी १० वाजून ४० मिनिटांनी झाली, क्षेपणास्त्र ठरल्या जागी पडले, हे सर्वांना ठाऊक. क्षेपणास्त्राच्या दुसऱ्या टप्प्यातला एक संवेदक (सेन्सर) मधेच बंद पडला, हे फक्त प्रयोगशाळेला ठाऊक. निवेदन सायंकाळी साडेपाचला निघालेच पाहिजे आणि त्यावर सहाही टेबलांची सही हवी, एवढा एकच नियम.

मला वाटले होते, तासाभरात मसुदा होईल आणि मग आपण चर्चा करू. पहिला शब्दच पाऊण तास चालला.

तो शब्द होता ‘यशस्वी’. संरक्षण मंत्रालयाच्या टेबलावरच्या बार्शीच्या मुलीने मसुद्याचे पहिले वाक्य वाचले: “क्षेपणास्त्राची यशस्वी चाचणी घेण्यात आली व चाचणीची सर्व उद्दिष्टे साध्य झाली.” प्रयोगशाळेच्या टेबलावर एकदम शांतता पसरली. तिथला मुलगा शहराच्या पूर्व भागातला, घरी तेलुगू बोलणारा आणि मराठी जपून वापरणारा, तो म्हणाला, “यशस्वी म्हणा, पण ‘सर्व’ काढा.” का, ते सांगायला तो तयार नव्हता, कारण त्याच्या कागदावर ते सांगायचे नाही असे लिहिले होते. मंत्रालयाला संशय आला. सैन्यदलाचे टेबल म्हणाले की, आमच्या माणसांनी अजून हे हाताळलेलेच नाही, विकासाची चाचणी वेगळी आणि वापरणाऱ्या दलाची चाचणी वेगळी, मग उद्या लोक आम्हालाच विचारतील की ताफ्यात कधी येणार. पंतप्रधान कार्यालयाचे म्हणणे असे की, ‘सर्व’ काढले तर वाचणारा विचारेल, म्हणजे काही उद्दिष्टे राहिली का? प्रयोगशाळेच्या मुलाने शेवटी हात जोडले: “सर्व लिहिलं तर ते खोटं होईल, एवढंच सांगू शकतो.”

इथे मी खेळ थांबवून १९९८ च्या निवेदनातले ते वाक्य फळ्यावर लिहिले: मोजलेली शक्ती अपेक्षित मूल्यांशी जुळणारी आहे. आकडा नाही. किती मोजली आणि किती अपेक्षित होती, दोन्ही नाहीत. फक्त त्यांचे जुळणे सांगितले आहे. आकडे आले ते १७ मे रोजी, अणुऊर्जा विभाग आणि संरक्षण संशोधन व विकास संघटना (डीआरडीओ) यांनी दिल्लीत एकत्र घेतलेल्या पत्रकार परिषदेत. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष आर. चिदंबरम आणि डीआरडीओचे प्रमुख ए. पी. जे. अब्दुल कलाम तिथे एकाच मंचावर होते. औष्णिक-अण्विक साधन ४५ किलोटन (एक किलोटन म्हणजे हजार टन टीएनटी या स्फोटकाइतकी शक्ती), विखंडनाचे १५ किलोटन, कमी शक्तीचे ०.२ किलोटन. ११ तारखेचे ते आकडा नसलेले वाक्य पुढे कोणी खोडून काढले नाही. वाद झाला तो आकड्यांवर, आणि तोही असा की २००९ मध्ये चाचणीच्या कामात स्वतः असलेले के. संथानम यांनीच औष्णिक-अण्विक साधनाची शक्ती अपेक्षेपेक्षा बरीच कमी भरली असे जाहीरपणे म्हटले. चिदंबरम आणि कलाम यांनी ते अमान्य केले. मुलांना मी एवढेच म्हटले की, निवेदनातल्या एकेका शब्दाला पुढे अकरा वर्षांनीही कोणीतरी हात घालू शकतो, हे ‘सर्व’ लिहिताना ध्यानात ठेवा.

मुलांनी मार्ग काढला तो मला सुचला नसता. बार्शीच्या मुलीने ‘यशस्वी’ तसाच ठेवला, पण त्याची जागा बदलली. “क्षेपणास्त्राचे उड्डाण यशस्वी झाले. चाचणीतून मिळालेल्या माहितीचे विश्लेषण सुरू आहे.” उड्डाण यशस्वी झाले, हे खरे होते. संवेदकाबद्दल चकार शब्द नाही, पण खोटेही काही नाही. प्रयोगशाळेच्या मुलाने मोठा श्वास सोडला आणि पहिली सही केली.

कोणत्या देशाचे नाव घ्यायचे, यावर परराष्ट्र मंत्रालयाचे टेबल ठाम होते: कोणाचेच नाही. प्रयोगशाळेला पल्ला सांगायचा होता, कारण त्यातच त्यांचा अभिमान होता. परराष्ट्रला तो नको होता, कारण नकाशावर पट्टी ठेवून कोणीही पाहील की त्या अंतरात कोण येतो. मी त्यांना सांगितले की, १९९८ मध्ये हीच गोष्ट निवेदनात सांभाळली गेली आणि पत्रात निसटली. वाजपेयींच्या ११ मेच्या निवेदनात कोणत्याही देशाचा उल्लेख नव्हता. त्याच तारखेला त्यांनी अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांना जे पत्र पाठवले त्यात, नाव न घेता पण चीनवाचून दुसरा अर्थच निघू नये अशा शब्दांत, सीमेवरचा अण्वस्त्रधारी देश आणि १९६२ चे आक्रमण यांचा उल्लेख होता. १३ मे रोजी ते पत्र ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून आले. शिवाय संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस चाचण्यांच्या काही दिवस आधीच चीनबद्दल उघड बोलून गेले होते. तीन ठिकाणी तीन सूर लागले आणि जगाने सर्वांत खालचा नव्हे, सर्वांत वरचा ऐकला. परराष्ट्रच्या टेबलावरची मुलगी म्हणाली, “म्हणजे सर, निवेदन एकत्र लिहून भागत नाही; पत्रंपण एकत्र लिहावी लागतात.” हे वाक्य मी माझ्या वहीत टिपून घेतले.

पल्ल्याचा वाद मिटला तो अनपेक्षित जागी. व्हरांड्यातल्या बातमीदारांना मी सकाळीच एक कागद दिला होता: समुद्रावरचा अमुक ते अमुक पट्टा अमुक दिवशी विमानांसाठी बंद राहील, अशी वैमानिकांसाठीची सूचना, जिला सगळे ‘नोटॅम’ म्हणतात. अशी सूचना गुप्त ठेवताच येत नाही, कारण ती सगळ्यांना कळावी म्हणूनच काढलेली असते. भारताच्या खऱ्या चाचण्यांच्या आधीही ती निघते आणि जगभरचे हौशी लोक त्या पट्ट्याची लांबी मोजून पल्ल्याचा अंदाज बांधतात. व्हरांड्यातल्या मुलांनी तेच केले आणि साडेबारालाच आत चिठ्ठी पाठवली: “पल्ला दोन हजार किलोमीटरच्या आत आहे, हे खरे का?” आतली सहा टेबले जो आकडा दीड तास लपवत होती, तो बाहेर भिंतीवर खडूने लिहिलेला होता. त्यात भर म्हणून मी सांगितले की, ऑक्टोबर २००५ च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीची पूर्वसूचना एकमेकांना निदान तीन दिवस आधी देतात. म्हणजे ज्याच्यापासून लपवायचे असे सोलापूरकराला वाटते त्याला आधी कळते आणि सोलापूरकराला नंतर. मुले हसली. सैन्यदलाच्या टेबलावरचा एक जण मात्र गंभीर होऊन म्हणाला की, यात हसण्यासारखे काही नाही. न सांगता सोडले आणि समोरच्याने हल्ला समजला तर काय? त्याचे बरोबर होते.

जेवणाच्या सुट्टीत, कडक भाकरीचे तुकडे दह्यात मऊ होण्याची वाट पाहत असताना, एका मुलाने मला बाजूला घेऊन विचारले की, एवढी कटकट करण्यापेक्षा ‘हवामान संशोधनाचे रॉकेट सोडले’ असे सांगून मोकळे का होऊ नये? प्रश्न प्रामाणिक होता आणि जगातल्या मोठमोठ्या सरकारांनी त्याचे उत्तर ‘होय, सांगू’ असे दिलेले आहे. १६ जुलै १९४५ रोजी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या अणुबॉम्बची चाचणी झाली, तेव्हा अलामोगोर्डो हवाई तळाच्या नावाने वृत्तपत्रांना सांगितले गेले की, आडबाजूच्या दारूगोळ्याच्या कोठाराचा स्फोट झाला आणि कोणालाही इजा झालेली नाही. स्फोट किती मोठा होईल हे आधी ठाऊक नसल्याने त्या निवेदनाचे वेगवेगळे मसुदे आधीच लिहून ठेवले होते. सप्टेंबर १९४४ मध्ये लंडनवर जर्मनीची व्ही-२ क्षेपणास्त्रे पडू लागली, तेव्हा ब्रिटिश सरकारने दोन महिने तोंड उघडले नाही आणि गॅसच्या नळांचे स्फोट होत असल्याची बोलवा पसरू दिली. लोक त्यांना ‘उडते गॅसपाइप’ म्हणू लागले, आणि १० नोव्हेंबरला चर्चिल यांना पार्लमेंटमध्ये खरे सांगावे लागले. युद्ध चालू असताना शत्रूला त्याचा नेम लागला की चुकला ते कळू नये, हे कारण मला समजते. तरी मला स्वतःला न बोलणे आणि खोटे बोलणे यांत फरक वाटतो, आणि बातमीच्या टेबलावर तो फार ठळक होतो. गप्प राहिलेल्या सरकारची बातमी उद्या छापता येते. खोटे बोललेल्या सरकारची कालची बातमी मीच छापलेली असते. १९३० च्या मे महिन्यात ज्या शहराने मार्शल लॉ भोगला, तिथल्या मुलाला हे समजावायला फार वेळ लागला नाही.

दुपारी प्रश्न आला तो वेळेचा आणि तोंडाचा. आधी कोण बोलणार? पंतप्रधान कार्यालयाला पहिला मान हवा होता. संरक्षण मंत्रालय म्हणाले, शस्त्र आमचे. माहिती कार्यालयाच्या टेबलावरचा मुलगा, जो सकाळपासून सगळ्यांचे कागद गोळा करत फिरत होता आणि ज्याला कोणी फारसे विचारत नव्हते, त्याने शांतपणे विचारले, “संसदेचं अधिवेशन चालू आहे का?” माझ्या कागदात याचा उल्लेखच नव्हता. अधिवेशन चालू असेल तर मोठे निवेदन आधी सभागृहात करावे असा संकेत आहे, हे त्याने कुठेतरी वाचले होते. मी अधिवेशन चालू नाही असे जाहीर करून वेळ मारून नेली.

मग मी त्यांना मार्च २०१९ ची गोष्ट सांगितली. २७ तारखेला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी समाजमाध्यमावर आधी एवढेच कळवले की, आपण पावणेबारा ते बाराच्या दरम्यान राष्ट्राशी बोलणार आहोत. बारा वाजून गेले तरी पडद्यावर कोणी आले नाही आणि तोवर देशभर तर्कांना ऊत आला. मग कळले की, सुमारे ३०० किलोमीटर उंचीवरचा आपलाच उपग्रह क्षेपणास्त्राने पाडला, मोहिमेचे नाव ‘मिशन शक्ती’. त्याच दिवशी परराष्ट्र मंत्रालयाने प्रश्नोत्तरांचा लांबलचक कागद प्रसिद्ध केला: कोणता उपग्रह, कचऱ्याचे काय, ही अंतराळातली शस्त्रस्पर्धा आहे का. भाषण एकाचे आणि प्रश्नोत्तरे दुसऱ्याची, पण दोन्ही आधीपासून एकमेकांना धरून लिहिलेली होती हे वाचताना जाणवते. त्या कागदात कचरा काही आठवड्यांत पृथ्वीवर पडून नष्ट होईल असे म्हटले होते. काही तुकडे मात्र वर्षाहून अधिक काळ कक्षेत राहिले. लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता लागू असल्याने निवडणूक आयोगालाही भाषण तपासावे लागले आणि आयोगाला त्यात भंग आढळला नाही. म्हणजे टेबलावर नसलेला आणखी एक धनी.

वेळ गाठण्याची खरी धडपड समजावी म्हणून मी हिरोशिमावरच्या अणुबॉम्बच्या निवेदनाविषयीचा १९४५ चा एक कागद मुलांना वाचून दाखवला. ३० जुलै रोजी अमेरिकेचे युद्धमंत्री हेन्री स्टिम्सन यांनी जर्मनीत पॉट्सडॅमला असलेल्या अध्यक्ष ट्रूमन यांना तार केली की, काम इतक्या वेगाने पुढे सरकले आहे की तुमच्या नावाचे निवेदन १ ऑगस्टपर्यंत हाताशी हवे. झालेल्या चाचणीचा परिणाम आणि ब्रिटिशांच्या काही किरकोळ सूचना लक्षात घेऊन मसुदा सुधारला आहे. ट्रूमन यांनी तारेच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिले: सूचना मान्य, तयार होताच प्रसिद्ध करा, पण २ ऑगस्टच्या आधी नको. ६ ऑगस्टला वॉशिंग्टनमध्ये ते निवेदन वाटले गेले तेव्हा ट्रूमन स्वतः जहाजावर, अटलांटिक समुद्रात होते. लंडनमध्ये तर आणखी गंमत. तिथले निवेदन चर्चिल यांनी तयार करून ठेवले होते आणि मधल्या काळात निवडणुकीत त्यांची सत्ता गेली. नवे पंतप्रधान ॲटली यांनी तेच निवेदन पुढे केले. दोन देशांनी १९४३ मध्ये क्वेबेकला करारच केला होता की, परस्परांच्या संमतीशिवाय तिसऱ्याला या विषयाची माहिती द्यायची नाही. म्हणून ब्रिटिशांच्या त्या ‘किरकोळ सूचना’ मला कधीच किरकोळ वाटल्या नाहीत. आणि एवढे करूनही अमेरिकी निवेदनात हिरोशिमाला ‘महत्त्वाचा लष्करी तळ’ म्हटले गेले आणि बॉम्बची शक्ती २०,००० टन टीएनटीहून अधिक सांगितली गेली. पुढे ती सुमारे १५,००० टन धरली गेली. शहराला तळ म्हणणे ही मात्र आकड्याची चूक नव्हती.

चार वाजता मसुदा मराठीच्या टेबलावर आला. खऱ्या व्यवहारातही तो असाच शेवटी येत असणार, कारण आम्हाला टेबलावर जी मराठी पत्रके मिळत त्यांवर घाईच्या खुणा स्पष्ट दिसत. इंग्रजीतल्या वाक्याचा अर्थ होता, अण्वस्त्र वाहून नेण्याची क्षमता असलेले क्षेपणास्त्र. अक्कलकोटच्या मुलाने लिहिले, ‘अण्वस्त्र वाहून नेणारे क्षेपणास्त्र’. वाचायला सुटसुटीत, कानाला गोड. फक्त त्याचा अर्थ असा की, आज सकाळी त्याच्या टोकावर अण्वस्त्र होते. परराष्ट्रचे टेबल किंचाळलेच. मग ‘वाहून नेऊ शकणारे’, ‘नेण्यास सक्षम’, ‘नेण्याची क्षमता असलेले’ अशी पायरी पायरीने वाक्य लांबत गेले आणि सक्षम झाले. पुढे ‘कॅनिस्टर’मधून सोडण्याचा उल्लेख होता, त्याचे कोणीतरी ‘डबाबंद क्षेपणास्त्र’ केले आणि खोलीत लोणच्याचा वास आल्यासारखे सगळे हसले. ‘बंद नळकांड्यातून सोडलेले’ यावर तडजोड झाली. ‘डिटरन्स’ला मराठीच्या मुलीने ‘वचक’ म्हटले. तो मला सर्वांत नेमका वाटला, पण परराष्ट्र म्हणाले की वचक दाखवायचा असतो, आम्हाला तो दाखवायचा नाही. असल्याचे फक्त कळायला हवे. ‘प्रतिरोध’ राहिला. मी त्या वेळी माझ्या उताऱ्याची गोष्ट सांगितली आणि मराठीच्या टेबलाला धीर आला.

साडेपाचला सहा सह्यांचे, नऊ वाक्यांचे निवेदन हातात घेऊन माहिती कार्यालयाचा मुलगा व्हरांड्यात गेला. बातमीदारांनी ते घेतलेही नाही. त्यांची बातमी सव्वाचारलाच लिहून झाली होती आणि तिचा मथळा होता: ‘गावे रिकामी केली, किनाऱ्यावरून क्षेपणास्त्र सोडले, पहिल्या प्रयत्नात बिघाड?’ बिघाड त्यांना कसा कळला? कळला नव्हता, त्यांनी प्रश्नचिन्ह टाकून अंदाज मारला होता. पण गावे रिकामी केल्याचे त्यांना ठाऊक होते, कारण ओडिशात चांदीपूरच्या तळाजवळच्या गावकऱ्यांना चाचणीपुरते सुरक्षित जागी हलवतात आणि त्यांना भरपाई देतात, हे त्यांच्यातल्या एकीने वाचले होते. तिने मला विचारले होते, “सर, इथला जिल्हाधिकारी कोण?” आणि मी, दुसऱ्या टेबलाच्या वादात गुंतलेला, “ऑफिसात विचार” असे म्हणून गेलो होतो. ती खरोखरच महाविद्यालयाच्या कार्यालयात गेली. तिथले लिपिक दुपारपासून आमचा गोंधळ ऐकत बसले होते, त्यांनी हौसेने जिल्हाधिकाऱ्याची भूमिका घेतली आणि सांगून टाकले, “हो, तीन गावं हलवलीत. दोनदा हलवावी लागली, सकाळी एकदा पुढं ढकललं म्हणे.” ते ‘दोनदा’ त्यांनी मनाचे जोडले होते. त्यावरून बिघाडाचा मथळा झाला.

चूक माझी होती. शस्त्र बनवणारे, वापरणारे, मिरवणारे, समजावणारे, सगळ्यांना मी टेबल दिले, आणि ज्या माणसाला गावात जाऊन लोकांना घराबाहेर काढावे लागते त्याला दिले नाही. त्याला काय बोलायचे, हे कोणी सांगितले नव्हते. मग तो जे सुचले ते बोलला. मार्च २०२२ मध्ये आपले एक क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानात पडले, तेव्हा ९ तारखेच्या घटनेबद्दल १० तारखेला आधी तिकडचे लष्कर बोलले आणि आपले निवेदन ११ तारखेला आले, हे मुलांना सांगायचे मी राखून ठेवले होते. ते सांगितले, पण कोणाचे लक्ष नव्हते. सहा टेबले व्हरांड्यात जाऊन बातमीदारांशी भांडत होती. प्रयोगशाळेचा मुलगा सर्वांत चिडलेला होता. त्याने दिवसभर जिभेवर ठेवलेली गोष्ट, कोणीही न सांगता, मथळ्यात उभी होती.

पुढचा खेळ जूनमध्ये करायचे ठरले आहे. या वेळी अपघाताची खबर असलेले एक पाकीटही ठेवायचे, ते दुपारी तीनला फोडायचे आणि जिल्हाधिकाऱ्याचे आठवे टेबल दारापाशी, व्हरांड्याच्या तोंडाला ठेवायचे. त्यावर बसाल का, असे मी त्या लिपिकांनाच विचारले. त्यांनी चष्मा पुसला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “तोंडी नको ओ सर. विभागाकडनं पत्र काढा, काय बोलायचं अन् काय नाही ते त्यात लिहा, मग बघू.”